माझा इवाई, काळतोंडी माकडं आणि दोन तोफा

माझ्या इवायाचं मत असं आहे, की ज्याच्या घरात हत्यार असते त्याच्याकडे कोणी वाकड्या नजरेनं पाहत नाही. इवाई म्हणजे पुस्तकात ज्याला व्याही म्हणतात तो. माझी मुलगी त्याच्या मुलाला दिली आहे आणि त्याचं घर माझ्या घराला लागून आहे. लोक मुलगी दूर देतात आणि मग एसटीच्या बाकावर बसून रडतात. मी दिली ती कुंपणापलीकडे. लोकांनी तेव्हा नावं ठेवली. ठेवू द्या म्हटलं, रोज लेक पाहणारा मीच राहीन.

इवायानं वरठीच्या पोलादाच्या कारखान्यात नोकरी केली. आता घरी बसतो आणि पेपर वाचतो. मी चौथीपर्यंत शिकलो. चौथीत मास्तरचं आणि माझं पटलं नाही, म्हणून शाळा मास्तरला ठेवून मी शेतात आलो. पण पेपर मलाही वाचता येतो. मी सावकाश वाचतो, त्यामुळे माझ्या ध्यानात जास्त राहते. इवाई भरभर वाचतो आणि भरभर विसरतो. हे मी त्याच्या तोंडावर सांगितलेलं आहे.

आमच्या दोघांच्या वाड्यांमध्ये, म्हणजे घरामागच्या परसांमध्ये, तुराट्यांचं कुंपण आहे आणि त्या कुंपणात माणूस आडवा होऊन जाईल एवढी एक वाट आहे. बायको गेल्यावर घरात मी एकटाच. मुलगा आणि सून नागपूरला. दुपारी चार वाजले की त्या वाटेनं मुलगी चहा घेऊन येते, सकाळी भाजी घेऊन येते आणि येताना काहीतरी बोलून जाते. समोरच्या रस्त्यानं यायचं तर तिला डोक्यावर पदर घेऊन, घरात सांगून, चार बायांच्या "कुठं चालली वं" ला उत्तर देत यावं लागेल. म्हणजे रोज यायची ती सणावाराला येईल. ती वाट म्हणजे माझं अर्धं घर आहे, हे मी कोणाला बोलून दाखवत नाही. इथं लिहितो आहे ते वेगळं.

त्या वाटेच्या इकडे मी आणि तिकडे इवाई, असे आम्ही हिवाळ्याच्या उन्हात बसायचो आणि जगाचा कारभार पाहायचो. इवाई पेपर मोठ्यानं वाचायचा. अमक्या देशानं गोऱ्यांकडून लढाऊ विमानं घेतली. मग त्याच्या शेजाऱ्यानं विमान पाडायची तोफ घेतली, तीही गोऱ्यांकडूनच, फक्त दुसऱ्या गोऱ्यांकडून. मग पहिल्यानं ती तोफ फोडायचं काहीतरी घेतलं.

"म्हनूनच तिथं शांतता हाये, इवाई," तो म्हणायचा. "दोघंही एकमेकाले भेतेत."

"शांतता हाये तं मंग मांगच्या पानावर मेलेल्यायचे फोटो कायले छापले?"

"थे दुसऱ्या देशातले."

"तिथं इमानं कोनं देल्ली?"

इवाई पान उलटायचा. उत्तर नसलं की तो पान उलटतो. एकदा तर बातमी अशी होती, की एका देशाची फौज गोऱ्यांची सगळी हत्यारं तिथंच टाकून पळाली आणि ज्यांच्याशी लढायचं होतं त्यांनीच ती उचलली. मी म्हटलं, इवाई, आता कोन कोनाले भेते? त्यानं एकदम दोन पानं उलटली.

आमचा आवाज एवढा असायचा, की रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटायचं भांडण लागलं. भांडण नव्हतं. इवाया-इवायांत भांडण चालत नाही. आमच्याकडे रीत अशी, की इवाई दारात आला तर त्याला रिकाम्या हातानं जाऊ द्यायचं नाही, त्यानं मागितलं त्याला नाही म्हणायचं नाही आणि बोलायचं ते अहो-जाहो करून. शिवी द्यायची तरी "तुम्ही" लावून द्यायची.

धान निघून गेला, की आंबागडच्या डोंगराकडून माकडं गावात उतरतात. काळतोंडी, लांब शेपटाची. छपराचे कवेलू उचकटतात आणि वालाच्या शेंगांवर बसतात. माझ्या वाडीत वालाचा मांडव आहे, इवायाच्याही वाडीत आहे. माझा मोठा आहे. यंदा शेंगा अशा लागल्या होत्या, की मांडव वाकला होता. तर एका सकाळी मी दात घासत होतो आणि इवायाच्या वाडीत असा धडाका झाला, की माझा लोटा हातातून गेला. झाडावरचे बगळे उडाले. इवायाच्या मांडवावरची सगळी माकडं एका उडीत कुंपण ओलांडून माझ्या मांडवावर आली.

मी वाटेजवळ गेलो. पलीकडे इवाई खांद्याला प्लास्टिकचा पाइप लावून उभा. मोहाडीच्या बाजारातून आणला होता. मागून कार्बाइडचा खडा टाकायचा, दोन थेंब पाणी घालायचं, गॅस भरला की शेगडी पेटवायचं लायटर दाबायचं. गोळी नाही, छर्रा नाही, नुसता आवाज आणि तोंडाशी जाळाचा लोळ. त्याला बाजारात बंदूक म्हणतात. इवाई तोफ म्हणत होता.

"इवाई," मी म्हटलं, "तुमची फौज माह्या वाडीत धाडली तुमी."

"मी कोनालेच धाडलं नाही. मी फक्त माह्यं रक्षन केलं."

हे वाक्य मी रोज बातम्यांत ऐकतो. पण टीव्हीतला माणूस कोट घालून म्हणतो आणि इवाई लुंगीवर म्हणत होता, एवढाच फरक.

चार दिवस मी काठी घेऊन मांडवाखाली बसलो. इवाई तोफ वाजवून घरात जायचा आणि टीव्ही पाहायचा. माकडांनाही कळलं, की त्या वाडीत आवाज आहे आणि या वाडीत म्हातारा आहे. म्हातारा बरा, असं त्यांनी ठरवलं. मुलगी म्हणाली, "बाबा, तुमीही घ्या ना एक पाइप." मी म्हटलं, "मी त्याच्यासारखा भित्रा नाही." पुढच्या बाजाराला मी मोहाडीला गेलो. भित्रा म्हणून गेलो नाही. शेंगांसाठी गेलो.

बाजारात धान्याच्या ओळीच्या टोकाला ताडपत्री टाकून तो दुकानदार बसतो. त्याच्याजवळ उंदराच्या पिंजऱ्यापासून सगळं मिळतं. मला पाहताच म्हणाला, "या काकाजी. तुमच्या इवायानं नेली थे लहान हाये. तुमाले मोठी दाखवतो."

"मी सांगतलं का तुले मोठी पाह्यजे म्हनून?"

"नाही ना काकाजी. पन त्यायच्यापेक्षा लहान घेऊन तुमी घरी जाल तं बरं दिसते का?"

माणूस हुशार होता. मी मोठी घेतली. जाड पाइप, लोखंडी कड्या. डबाभर खडे बांधताना तो म्हणाला, "हे रक्षनासाठी हाये काकाजी, भांडनासाठी नाही. इवायासंग भांडू नका." एवढं प्रेमानं म्हणाला, की मला वाटलं हा माणूस चांगल्या मनाचा आहे.

दुसऱ्या सकाळी मी तोफ लावली. आवाज असा, की माझ्याच कानात दुपारपर्यंत पिटपिट चालू होती. माकडं माझ्या मांडवावरून थेट इवायाकडे. त्याची तोफ वाजली. माकडं माझ्याकडे. माझी वाजली. असं दुपारपर्यंत. माकडं मध्ये झुला खेळल्यासारखी जाऊन-येऊन राहिली होती आणि प्रत्येक फेरीत एकेक मूठ शेंगा घेऊन जात होती. संध्याकाळी मांडवाखाली शेंगांची सालं पाहिली, तर काठी घेऊन बसत होतो त्यापेक्षा जास्त पडली होती. मी ती झाडून टाकली. इवाईही पलीकडे झाडत होता, खराट्याचा आवाज येत होता.

मग इवायानं वाघ आणला. कापसाचा, पिवळा, खोटे डोळे लावलेला. तोही त्याच दुकानातून. छतावर बसवला. दोन दिवस माकडं दूर राहिली. तिसऱ्या दिवशी एक मोठा नर वाघाच्या पाठीला पाठ लावून उन्हात बसला आणि शेंगा सोलू लागला. मी वाघ आणला नाही. आमच्या जंगलात खरा वाघ आहे, माकडांना फरक कळतो. माणसांनाच कळत नाही.

या सगळ्यात आमचं बसणं बंद झालं. पेपर तो छपरीत वाचायचा, मनात. मी इकडे टीव्ही लावायचो. मुलगी मात्र वाटेनं येत होती. कानात कापसाचे बोळे घालून.

एके दिवशी ती आली ती चहाशिवाय, सासऱ्याचा निरोप घेऊन. उभी राहिली.

"बाबा, मामाजी म्हनते, कार्बाइडचे खडे सरले. बाजाराले चार दिवस हायेत. थोडे द्या म्हने."

"कोनाले?"

"मामाजीले."

"म्हंजे त्यायनं माह्या खड्यायनं माह्यावरच माकडं धाडावं?"

"मले काय माहीत. त्यायनं सांगतलं, इवाई नाही म्हननार नाहीत."

आता सांगा. रीत मोडायची की शेंगा द्यायच्या? नाही म्हटलं तर गावभर होईल, की यानं इवायाला रिकाम्या हातानं परत लावलं आणि तेही पोटच्या लेकीच्या हातून. मी डबा उघडला आणि चांगले मोठमोठे खडे निवडून दिले. लहान दिले असते, तर कंजूस म्हटलं असतं. सकाळी माझ्याच खड्यांचा आवाज पलीकडून आला आणि माकडं माझ्या मांडवावर आली. आवाज दमदार होता. खडे चांगले होते.

त्या दिवशी मी मांडवाखाली बसून बराच वेळ विचार केला. गोऱ्यांना आपण नावं ठेवतो, की शत्रूलाही विकतात आणि मित्रालाही विकतात. पण ते तरी विकतात. मी फुकट दिलं होतं, रीत म्हणून. हे इवायाला सांगावं असं फार वाटलं, कारण हसायला त्याच्याशिवाय कोणी नव्हतं. पण बोलणं बंद होतं.

पुढे मिशीची भानगड झाली. इवाई सकाळी छपरीत आरसा टांगून दाढी करतो. त्याची मिशी दाट, दोन्हीकडे वर वळलेली, कारखान्यात असल्यापासूनची. त्याच्या दाढीची वेळ मला ठाऊक आहे, पण माकडांना नाही. ती माझ्या मांडवावर आली आणि मी तोफ लावली. पलीकडून एक आवाज आला, तो तोफेचा नव्हता. वस्तरा घसरला होता आणि डावी मिशी अर्धी गेली होती. रक्त थोडं होतं, मिशी मात्र बरीच गेली. मग उजवीही काढावी लागली. बिनमिशीचा इवाई मी पहिल्यांदा पाहिला. त्याच्या भावासारखा दिसत होता, ज्याच्याशी त्याचं पटत नाही.

मी वाटेवर जाऊन म्हटलं, "इवाई, मी माह्या वाडीत, माह्या मांडवाकडं डागली. तुमच्या मिशीकडं नाही."

"तुमची तोफ मोठी हाये. येवढी मोठी कायले पाह्यजे कोनाले?"

"तुमी पहिले आनली."

"मी लहान आनली."

त्यावर तो म्हणाला, की आता हे कुंपणातलं भगदाड बुजवणार. बांबूचं पक्कं कुंपण घालणार. लोक जा-ये करतात तिथं तोफेचं तोंड आहे, उद्या कोणाच्या डोळ्याला लागलं तर. मी म्हटलं, "घाला." तोंडातून निघून गेलं. एकदा निघालेला शब्द मी परत घेत नाही, हे सगळ्या गावाला माहीत आहे.

मग मुलगी निरोप नेऊ-आणू लागली. मामाजी म्हणतात, बाबानं मोठी तोफ ठेवून दिली तर वाट राहू देतो. बाबा म्हणतात, ज्यानं पहिले आणली त्यानं पहिले ठेवावी. मामाजी म्हणतात, मोठीवाल्यानं पहिले. बाबा म्हणतात, लहानीनं सुरुवात झाली. शेवटी ती भाजीची वाटी माझ्यासमोर आदळून म्हणाली, "तुमाले दोघाले एकाच खाटेले बांधाले पाह्यजे. मी नाही जात आता कोनाचा निरोप घेऊन."

बाजाराच्या दिवशी मी खडे आणायला गेलो, तर ताडपत्रीजवळ इवाई आधीच उकिडवा बसलेला. गुळगुळीत तोंडानं माझ्या तोफेपेक्षाही लांब पाइप हातात घेऊन पाहत होता. दुकानदाराला दोघांना एकदम पाहून केवढा आनंद झाला. "या या, बसा. दोघायलेही देतो." तो इवायाला माझ्या पाइपाची जाडी सांगत होता आणि मला इवायाच्या पाइपाची लांबी. दोघांना चहाही मागवला. आणि पुन्हा तेच, "भांडू नका काकाजी, सोयरे तुमी." तेव्हा मला दिसलं, की याच्या घरी माकडं नाहीत. हा मोहाडीच्या बाजारपेठेत सिमेंटच्या घरात राहतो. मला कळलं, तसं इवायालाही कळलं असावं, कारण त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं. पण कळून काय होते? त्याच्या हातात पाइप होता आणि तो माझ्यासमोर खाली ठेवणार नव्हता. त्यानं तो घेतला. मी खडे घेतले. एकाच ऑटोत बसून आम्ही गावी आलो, पाइप दोघांच्या मध्ये उभा करून.

दुसऱ्या दिवशी इवायानं बांबू टाकले. हिरवे, चांगले, सरळ. तो स्वतः खड्डे खोदू लागला. दुपारचे चार होत आले होते. मी माझ्या बाजूला तोफ घेऊन उभा राहिलो. त्याचीही नवी तोफ त्याच्या बाजूला टेकवलेली होती. मला सांगायचं होतं, की इवाई, एवढी वाट राहू द्या. हे पाच शब्द आहेत. ते माझ्या तोंडातून येईनात. मी म्हटलं ते असं, "खड्डा वाकडा होऊन राहिला तुमचा."

"माह्या बाजूनं सरळ हाये."

पहिले दोन बांबू उभे झाले. तेवढ्यात मुलगी ट्रेमध्ये दोन कप घेऊन आली आणि त्या दोन बांबूंच्या मध्ये उभी राहिली. इकडे एक पाय, तिकडे एक पाय.

"बाजूले हो बाई," इवाई म्हणाला.

"होतो ना मामाजी. बांधा तुमी. फक्त मी कोन्या बाजूनं उभी राहू थे सांगा आधी."

इवायानं माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. आणि त्याच वेळी माकडं आली. आधी त्याच्या मांडवावर, मग माझ्या. दोघांनी तोफा उचलल्या, सवयीनं. खडा आत, पाणी आत. आणि दोघांचेही हात लायटरवर थांबले, कारण मध्ये ती होती, डोळे मिटून, ट्रे धरून. कोणत्याही बाजूनं लावली तरी जाळ तिच्या तोंडाजवळून गेला असता. ती हलली नाही. हट्ट कोणाचा आहे हे मी ओळखतो.

आमच्या डोळ्यांदेखत माकडं शेंगा ओरबाडत होती. शेवटी इवायानं पाइप खाली टाकला आणि चप्पल फेकली. मी माझी तोफ जमिनीवर आपटली आणि "हाड तुमच्या" म्हणत मांडवाकडे धावलो. तो तिकून, मी इकून. ओरडून ओरडून घसा बसला. दोन म्हातारे एका वेळी एवढे ओरडलेले माकडांनी कधी ऐकले नसावे. ती पळाली, पार चिंचेच्या झाडापलीकडे. आम्ही दोघं धापा टाकत परत आलो. चहा ट्रेमध्ये गार झाला होता. आम्ही तो घेतला.

टीव्हीत दाखवतात त्या लढायांत मध्ये कोणाची लेक उभी नसते असं नाही. असते. पदरात पोर घेऊन, डोळे मिटून, अशीच उभी असते. आणि तरी लायटर दाबलं जाते. कारण दाबणाऱ्याची ती लेक नसते, आणि ज्यानं तोफ विकली त्याची तर नसतेच नसते. त्याच्या लेकी दूर, सिमेंटच्या घरात असतात. हे मी इवायाला सांगितलं. तो म्हणाला, हे पेपरात नाही. मी म्हटलं, "नसल. मी सांगतो हाये."

बांबूंचं काय करायचं हा प्रश्न राहिला. चांगले बांबू, आणून फेकून कसे द्यायचे? इवाई म्हणाला, खड्डे खोदलेच आहेत. मी म्हटलं, मांडव घालू, वाटेच्या वर, दोन्ही वाड्या मिळून एकच. माकडांना यायचं तर एका जागी येतील आणि राखण करायला खाली आपण दोघं बसलेलोच राहू. हे मी सुचवलं. इवाई सांगतो त्यानं सुचवलं. त्याला सांगू द्या, त्याची मिशी अजून पूर्ण आली नाही.

मांडव झाला. एका अंगानं माझे वेल, एका अंगानं त्याचे, आणि मध्ये इतके गुंतले आहेत, की कोणती शेंग कोणाची ते वेलालाही सांगता येणार नाही. मला येते. माझ्या शेंगेला जांभळी कड आहे. काल इवाई एक तोडायला गेला, तेव्हा मी त्याला ती दाखवली. तो म्हणाला, उन्हानं झाली असल. तेवढ्यात मुलगी पदर खोचून वाटेनं आली, आमच्या दोघांच्या मधून वर हात घालून जांभळ्या कडेच्या आणि बिनकडेच्या सगळ्या शेंगा एकाच टोपलीत तोडल्या, आणि आम्हाला पाय बाजूला घ्यायला सांगून निघून गेली.